पूल टेबलावर बॉल कसे लावायचे: आठ-बॉलपासून स्ट्रेट पूलपर्यंत

पूल शिकायला लागलं की दोन-चार दिवसांत शॉट मारता येतो, पण 'तू रॅक लाव' असं कुणी म्हटलं की हात थबकतो. काळा मध्ये जातो एवढं ठाऊक असतं. बाकीचे कुठे, टोकाला कोणता, कोपऱ्यात काय, आणि नऊ-बॉल खेळायचं ठरलं तर उरलेल्या सहा बॉलचं काय करायचं, याची उत्तरं प्रत्येक जण वेगळी देतो. त्यातली निम्मी त्या-त्या क्लबमधल्या सवयी असतात, नियम नव्हे.

पाठांतर फारसं करावं लागत नाही. बहुतेक मांडण्या दोन प्रश्नांतून निघतात. ब्रेकला, म्हणजे रॅक फोडणाऱ्या पहिल्या फटक्याला, सर्वांत आधी कोणत्या बॉलला लागलं पाहिजे? तो पुढच्या टोकाला. कोणता बॉल पडला की डाव संपतो, किंवा सर्वांत जास्त गुण मिळतात? तो तिसऱ्या ओळीत मधोमध, कारण तिथे त्याला सहा बॉल वेढून असतात आणि ब्रेकच्या एका फटक्यात तो सहसा बाहेर पडत नाही. आठ-बॉलमध्ये ८, नऊ-बॉलमध्ये ९, दहा-बॉलमध्ये १० आणि रोटेशनमध्ये १५, सगळे याच एका खुर्चीत बसतात.

काय काय लागतं

- १ ते १५ क्रमांकांचे बॉल आणि पांढरा क्यू बॉल, म्हणजे काठीनं मारायचा बॉल. १ ते ७ सॉलिड, म्हणजे एकरंगी, ८ काळा, ९ ते १५ स्ट्राइप, म्हणजे पट्टेवाले. १ आणि ९ दोन्ही पिवळे, २ आणि १० दोन्ही निळे, अशी रंगांची जोडी शेवटपर्यंत चालते.
- त्रिकोणी रॅक. लाकडी असो वा प्लास्टिकचा, आतल्या कडा सरळ हव्यात. वाकलेला त्रिकोण फेकून दिलेला बरा.
- नऊ-बॉल नेहमी खेळणार असाल तर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा डायमंड रॅक.
- जमलं तर टेम्प्लेट. ही पातळ प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यातल्या भोकांत बॉल आपोआप एकमेकांना चिकटून बसतात.
- बॉल पुसायला मऊ, धागे न सुटणारं कापड.

बॉल एकाच सेटमधले आहेत ना, हे आधी बघा. प्रमाणित बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो आणि त्यात सुमारे ०.१३ मिलिमीटरचाच फरक चालतो. हरवलेल्या बॉलच्या जागी दुसऱ्या सेटमधला घातला असेल, तर तो अर्ध्या मिलिमीटरनं लहान असला तरी त्याच्या आजूबाजूला फट राहणारच. मग तुम्ही कितीही दाबा.

१. टेबलाचं टोक आणि ठिपका शोधा

ब्रेक ज्या बाजूनं मारतात ते टेबलाचं हेड आणि बॉल लावतात ते फूट. नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांवर पडलेले बॉल ज्या टोकाला बाहेर येतात, ते साधारणपणे फूटचं टोक असतं.

त्या बाजूला कापडावर एक छोटा गोल ठिपका चिकटवलेला दिसेल. हा फूट स्पॉट. तो झिजून गेला असेल किंवा कधी नव्हताच, तर लाकडी कडेवरच्या खुणा वापरा. प्रत्येक लांब कडेवर मधल्या पॉकेटच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन खुणा असतात. फूटच्या टोकाकडून मोजत दुसरी खूण घ्या आणि समोरच्या कडेवरच्या दुसऱ्या खुणेशी मनातल्या मनात रेषेनं जोडा. त्या रेषेचा बरोबर मध्य म्हणजे फूट स्पॉट. टेबल लहान असो की मोठं, ही जागा फूटच्या कुशनपासून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीपासून, खेळाच्या लांबीच्या एक चतुर्थांशावर येते. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र १०० इंच लांब असतं, तिथे २५ इंच. आठ फुटीवर ८८ इंचांपैकी २२.

बॉल लावणारा फूटच्या कुशनमागे उभा राहतो आणि त्रिकोणाचं टोक त्याच्यापासून दूर, ब्रेक मारणाऱ्याकडे असतं. पुढे 'डावा कोपरा', 'उजवा कोपरा' असं येईल ते लावणाऱ्याच्या नजरेतून. समोरून बघणाऱ्यानं 'चुकीच्या बाजूला ठेवलंस' म्हणून टोकलं, तर आधी तो कुठे उभा आहे ते बघा.

२. त्रिकोण हाताळायला शिका

कोणता बॉल कुठे हे चुकलं तर कुणीतरी लगेच सांगतं. बॉल सैल लागले तर कुणी काही बोलत नाही, फक्त ब्रेक फुसका जातो आणि दोष मारणाऱ्याच्या हाताला मिळतो. म्हणून या पायरीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या.

त्रिकोण ठिपक्यापेक्षा थोडा मागे, आपल्याकडे ठेवा आणि बॉल आत भरा. क्रम आत्ताच जुळवून घ्या. रॅक जागेवर नेल्यानंतर अदलाबदल केली की सगळं पुन्हा हलतं.

आता दोन्ही हातांचे अंगठे मागच्या पट्टीच्या बाहेरून धरा आणि बाकीची बोटं आत, शेवटच्या ओळीच्या मागे घाला. बोटांनी पाचही बॉल पुढे दाबायचे आहेत. फक्त मधल्या तिघांना दाबलं की कोपऱ्यातले दोन मागे रेंगाळतात आणि ही फट सहज लक्षात येत नाही. दाब कायम ठेवून सगळा रॅक पुढे सरकवा आणि टोकाचा बॉल ठिपक्यावर येताच थांबा. थांबताना हलका झटका बसतो, बॉल आपल्याच वेगानं पुढे दाटतात.

काही जण त्रिकोण जोरजोरात पुढे-मागे खडखडवतात. आवाज भारदस्त येतो, उपयोग शून्य. शेवटची हालचाल मागून पुढे असावी, एवढंच.

बॉल दाटले की बोटं हळूच काढून घ्या. मग त्रिकोण केसभर पुढे सरकवा, म्हणजे त्याच्या आतल्या कडा पुढच्या बॉलांपासून सुटतील, आणि मागची बाजू आधी उचलत तो वर घ्या. घाईनं ओढलात तर कडेचा एखादा बॉल सोबत येतो आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

टेम्प्लेट असेल तर हा खटाटोप वाचतो. पट्टी ठिपक्याशी जुळवायची, बॉल ठेवायचे आणि ब्रेक मारायचा. पट्टी टेबलावरच राहते. ब्रेकनंतर तिच्यावर किंवा तिला लागून बॉल नसेल तेव्हा काढून घ्यायची.

३. फट तपासा

कुशनच्या उंचीला डोळे आणून मागून बघा, मग दोन्ही बाजूंनी. दोन बॉलमधून पलीकडचं कापड दिसलं की तिथे फट आहे. पंधरा बॉलच्या रॅकमध्ये बॉल एकमेकांना ३० ठिकाणी टेकतात. ते सगळेच्या सगळे जुळणं जुन्या कापडावर क्वचितच होतं. त्यामुळे कुठली फट चालेल आणि कुठली नाही, हे कळायला हवं.

टोकाचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन, इथे तडजोड नाही. क्यू बॉलचा सगळा जोर याच दोन टेकांतून मागे जातो. इथे फट असेल तर ब्रेकची ताकद पहिल्या तीन बॉलांतच खर्च होते आणि मागचा गठ्ठा जागच्या जागी राहतो. पहिल्या तीन ओळी घट्ट असतील आणि शेवटच्या ओळीत कुठे कागदाएवढी फट दिसत असेल, तर मित्रांच्या खेळात मी ती सोडून देतो.

फट जातच नसेल तर:

- बॉल पुसून बघा. खडूची भुकटी आणि हाताचं तेल साचलेले बॉल एकमेकांशी नीट बसत नाहीत.
- आठ-बॉलमध्ये टोकाचा बॉल बदलून दुसरा ठेवा. झिजलेल्या सेटमध्ये एखादा बॉल किंचित लहान असतो, तो टोकाला आला की त्रास देतो.
- कापडात खळगे पडलेत का ते हात फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी ब्रेक झाल्यावर ठिपक्याभोवती बारीक खड्डे तयार होतात आणि बॉल त्यांत घरंगळतात. तिथे रॅक केसभर इकडे-तिकडे सरकवून जागा शोधावी लागते.

बॉल बसावा म्हणून वरून दुसऱ्या बॉलनं ठोकण्याची सवय अनेकांना असते. तेवढ्यापुरता तो बसतो, पण त्याच ठोकण्यानं खळगे आणखी खोल होतात. दुसऱ्याच्या टेबलावर तर हे मुळीच करू नका.

४. आठ-बॉल

नियम तीनच आहेत. टोकाचा बॉल फूट स्पॉटवर. ८ तिसऱ्या ओळीत मधोमध. मागच्या दोन कोपऱ्यांपैकी एकात सॉलिड आणि दुसऱ्यात स्ट्राइप. बाकी सगळे कसेही, मुद्दाम काही क्रम न जुळवता.

'टोकाला १ हवाच' असं ठामपणे सांगणारे भेटतील. प्रथा म्हणून ठीक, जागतिक नियमांत ती अट नाही. कोपऱ्यांची अट मात्र खरी आहे आणि तिला कारण आहे. कोपऱ्यातल्या बॉलला दोनच शेजारी असतात, त्यामुळे ब्रेकला ते सहज मोकळे होतात. दोन्ही एकाच गटाचे असतील तर ब्रेकनंतर तो गट निवडणाऱ्याला आयता फायदा मिळतो.

सर्वांत झटपट पद्धत अशी: पंधराही बॉल कसेही त्रिकोणात टाका. ८ शोधा आणि तिसऱ्या ओळीतल्या मधल्या बॉलशी त्याची अदलाबदल करा. मग मागचे कोपरे बघा. वेगवेगळे असतील तर झालं. सारखे असतील तर त्यातला एक, जवळच्या दुसऱ्या गटातल्या बॉलशी बदला. जास्तीत जास्त दोन अदलाबदलींत रॅक तयार होतो. एकेक बॉल निवडत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते; तेवढ्या वेळात निम्मा डाव होईल.

आता सर्वांत पसरलेला सापळा. 'कडेनं एकाआड एक लावायचं, सॉलिड, स्ट्राइप, सॉलिड...' हे तुम्ही ऐकलं असेल. नीटनेटकं दिसतं खरं, पण मोजून बघा. टोकाला सॉलिड ठेवून डाव्या कडेनं खाली आलात तर सॉलिड, स्ट्राइप, सॉलिड, स्ट्राइप, सॉलिड. डाव्या कोपऱ्यात सॉलिड आला. उजव्या कडेनं तसंच उतरलात तर तिथेही सॉलिडच! कडेला पाच बॉल आहेत, विषम संख्या, त्यामुळे टोकाला जो गट तोच दोन्ही कोपऱ्यांत येणार. म्हणजे दोन्ही कडा एकाआड एक लावल्या की कोपऱ्यांचा नियम मोडतोच, त्यातून सुटका नाही.

ठरलेला नमुनाच हवा असेल तर हा घ्या, प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे:

पहिली ओळ: सॉलिड
दुसरी: स्ट्राइप, सॉलिड
तिसरी: सॉलिड, ८, स्ट्राइप
चौथी: स्ट्राइप, सॉलिड, स्ट्राइप, सॉलिड
पाचवी: सॉलिड, स्ट्राइप, स्ट्राइप, सॉलिड, स्ट्राइप

आणखी एक गोष्ट खेळ सुरू होण्याआधी ठरवून घ्या: ब्रेकलाच ८ पडला तर काय? कित्येक ठिकाणी तो डाव जिंकला असं धरतात. जागतिक नियमांनुसार ना जीत ना हार. ब्रेक मारणारा ८ पुन्हा स्पॉटवर ठेवून पुढे खेळू शकतो किंवा नव्यानं रॅक लावून परत ब्रेक मारू शकतो.

५. नऊ-बॉल

इथे १ ते ९ एवढेच बॉल. आकार चौकटचा: एक, दोन, तीन, दोन, एक अशा पाच ओळी. १ टोकाला, फूट स्पॉटवर, कारण या खेळात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाला आधी लागलं पाहिजे. ९ मधोमध. बाकी सात कसेही.

डायमंड रॅक नसला तरी साध्या त्रिकोणात लावता येतं, फक्त मागच्या तीन बॉलना बाजूचा आधार नसतो. आधी पुढच्या तीन ओळी भरा, मागे दोन आणि शेवटी एक ठेवा. मग दोन बोटं चौथ्या ओळीच्या बाहेरच्या बाजूंना टेकवून आणि अंगठ्यानं शेवटचा बॉल दाबत सगळं पुढे न्या. पहिल्यांदा बोटांची गाठ पडल्यासारखं वाटेल. टेकांची संख्या मात्र १६ च आहे, त्यामुळे जमलं की रॅक पंधराच्या रॅकपेक्षा लवकर घट्ट बसतो.

मोठ्या स्पर्धांचं प्रक्षेपण बघताना १ ऐवजी ९ ठिपक्यावर ठेवलेला दिसला तर गोंधळू नका. सगळा रॅक तसाच, फक्त दोन ओळी, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर, पुढे सरकवलेला असतो. घट्ट रॅकमध्ये रुंद ओळीतले कडेचे दोन बॉल फूटच्या कोपऱ्यातल्या पॉकेटांत जवळपास हुकमी पडतात. तो सोपा फायदा कमी करण्यासाठी ही युक्ती. घरच्या खेळात तिची गरज नाही.

६. दहा-बॉल आणि सात-बॉल

दहा-बॉलचा त्रिकोण एक, दोन, तीन, चार असा. १ टोकाला, १० तिसऱ्या ओळीत मधोमध, बाकी कसेही. पंधराचाच त्रिकोण वापरायचा. मागे एका ओळीची जागा रिकामी राहते, तिथे बोटांनी जास्त दाब द्या.

सात-बॉलमध्ये मध्ये ७ आणि त्याभोवती सहाचं कडं. १ ठिपक्यावर.

७. रोटेशन आणि कटथ्रोट

रोटेशनमध्ये बॉलवरचा आकडा म्हणजेच त्याचे गुण. सगळ्यांची बेरीज १२० होते, म्हणून ६१ झाले की डाव जिंकला. १ टोकाला, २ मागच्या उजव्या कोपऱ्यात, ३ मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि सर्वांत महागडा १५ मधोमध. उरलेले कसेही.

तिघं जण असाल तर कटथ्रोट. प्रत्येकाकडे पाच बॉल: १ ते ५, ६ ते १० आणि ११ ते १५. प्रथेप्रमाणे १ टोकाला, ६ आणि ११ मागच्या कोपऱ्यांत, म्हणजे प्रत्येक गटाचा पहिला बॉल एकेका टोकावर येतो. मध्ये कोण बसतो याला इथे महत्त्व नाही.

वन-पॉकेटमध्ये तर काहीच बघायचं नाही. पंधरा बॉल टाका, घट्ट करा, सुरू.

८. स्ट्रेट पूल: चौदा बॉलचा रॅक

हा खेळ रॅक लावणाऱ्याला सर्वांत जास्त कामाला लावतो. सुरुवात सोपी आहे, पंधरा बॉल कसेही. पुढे चौदा बॉल पडून एकच उरला की खेळ थांबतो. तो पंधरावा बॉल आणि क्यू बॉल जिथे आहेत तिथेच राहतात आणि पडलेले चौदा पुन्हा लावायचे, टोकाची जागा रिकामी ठेवून. खेळाडू मग उरलेला बॉल पॉकेट करता करता क्यू बॉलनं रॅक फोडतो आणि त्याची खेळी चालूच राहते. विली मॉस्कोनी यांनी १९५४ साली सलग ५२६ बॉल पाडले, तेव्हा त्या एका खेळीत रॅक तीसहून जास्त वेळा पुन्हा लावावा लागला होता.

टोक रिकामं असल्यानं रॅक कुठवर न्यायचा हे ठिपक्यावरून कळत नाही. त्यामुळे या खेळासाठी कापडावर त्रिकोणाची बाहेरची कड पेन्सिलीनं आखून ठेवतात. तीच रेष वाद मिटवायलाही लागते: उरलेला बॉल रॅकच्या जागेत येतोय का? येत असेल तर नियम असे:

- पंधरावा बॉल रॅकच्या जागेत असेल, तर तो उचलून हेड स्पॉटवर, म्हणजे फूट स्पॉटसारख्याच दुसऱ्या टोकाच्या जागेवर, ठेवायचा. तिथे क्यू बॉल आडवा येत असेल तर टेबलाच्या मध्यबिंदूवर.
- क्यू बॉल रॅकच्या जागेत असेल, तर तो साधारणपणे हेड स्ट्रिंगमागून (हेड स्पॉटमधून जाणाऱ्या आडव्या रेषेमागून) हातानं ठेवून खेळायचा.
- दोन्ही आत असतील, तर पंधराही बॉल लावायचे आणि क्यू बॉल हेड स्ट्रिंगमागून.

९. लाल-पिवळे बॉल असतील तर

काही टेबलांवर आकडे नसलेले सात लाल, सात पिवळे आणि एक काळा असा सेट असतो. बॉल लहान, सुमारे दोन इंचांचे. ही इंग्लंडमधली पद्धत. इथे ठिपका टेबलाच्या त्याच चतुर्थांशावर असतो, पण त्यावर टोकाचा बॉल येत नाही, काळा येतो. म्हणजे सगळा त्रिकोण दोन ओळी पुढे. नेहमीच्या सवयीनं टोक ठिपक्यावर ठेवलंत तर रॅक फार मागे पडतो. लाल-पिवळ्यांच्या जागाही ठरलेल्या असतात, म्हणून नियमांसोबत येणारं चित्र एकदा समोर ठेवून लावा.

स्नूकरच्या टेबलावर त्रिकोण लावायची वेळ आली, तर तिथे टोकाचा लाल गुलाबीच्या अगदी मागे, पण त्याला न टेकता ठेवायचा असतो.

१०. ब्रेक मारण्याआधी

रॅक कुणी लावायचा हे आधी बोलून घ्या. काही ठिकाणी ब्रेक मारणारा स्वतः लावतो, काही ठिकाणी समोरचा. समोरच्यानं लावला असेल तर पुढे जाऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे, त्यात संशय घेतल्यासारखं काही नाही. बॉलला हात मात्र लावू नका. फट दिसली तर बोटानं दाखवा आणि पुन्हा लावायला सांगा. हे सगळं ब्रेकच्या आधी. एकदा क्यू बॉल रॅकवर आदळला की 'रॅक सैल होता' ही तक्रार कुणी ऐकत नाही.